चाळिशीत कानडी शिकायचीय? आधी एका खुर्चीपुरती शिका

मी लॅबमधे रक्त घेते. सकाळी सातपासून अकरापर्यंत एका खुर्चीसमोर उभी असते, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्यांत बरेचजण पलीकडचे, कर्नाटकातले असतात, इंडीचे, अफजलपूरचे, चडचणचे, आळंदचे, कारण त्यांना दवाखान्यासाठी सोलापूर जवळ पडतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक आजी आली, फास्टिंग शुगरसाठी. मी मराठीत विचारलं, आजी उपाशी आहात ना, काही खाल्लं प्यालं नाही ना. आजी म्हणाली, "हाल कुडदेन री". मला त्यातलं फक्त हाल ऐकू आलं, वाटलं बिचारी म्हणतीय माझे हाल होतायत, म्हणून मी म्हटलं हो हो आजी, आत्ता होतंय, आणि सुई टोचली. शुगर भलतीच वर आली. डॉक्टरांनी परत करायला लावली, आजीला दुसऱ्या दिवशी पुन्हा गावाहून यावं लागलं आणि सोबत आलेल्या सुनेचा अजून एक रोज बुडला. नंतर आमच्या लॅबमधल्या मावशींनी सांगितलं की हाल म्हणजे दूध. आजी मला सरळ सांगत होती की मी दूध पिऊन आलेय.

मी सोलापुरातच जन्मले, इथंच वाढले. शेजारी अक्का कानडी, शाळेत बाकावर शेजारी बसणारी तेलुगू, गड्ड्याच्या जत्रेत चारी बाजूंनी चार भाषा. म्हणजे चाळीस वर्षं कानडी माझ्या कानावर पडतच होती आणि तरी मला दूध कळलं नाही. त्यामुळं "कानावर पडली की आपोआप येते" हे जे लोक सांगतात ते लहान पोरांसाठी खरं आहे, आपल्यासाठी नाही. आपल्याला ती मुद्दाम तोंडात आणावी लागते. मी ती कशी आणली ते खाली लिहिलंय, ज्यांना आता सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी. उदाहरणं कानडीची आहेत, पण सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं तेलुगू बोलतात, राहायला किंवा नोकरीला आला असाल आणि तेलुगू शिकायची असेल तरी रस्ता हाच.

खुर्ची ठरवा

सगळ्यात आधी हे करा, ॲप बिप नंतर. मोठी माणसं शिकायला बसतात ती "कानडी" शिकायला बसतात, म्हणजे अख्खी भाषा, आणि तीन आठवड्यांत थकतात. तुम्ही एक जागा ठरवा जिथं तुम्हाला रोज त्या भाषेचं काम पडतं. माझी ती रक्त घ्यायची खुर्ची. तुमची मार्केट यार्डातली गाळ्यावरची गादी असेल (कांद्याच्या सीझनला तिथं कर्नाटकातले शेतकरी किती येतात ते बघताच आपण), बँकेचं काउंटर असेल, एमआयडीसीत मशीनशेजारची जागा असेल, सासरचं स्वयंपाकघर असेल. त्या जागेवर दिवसभरात तुम्ही मराठीत जी वाक्यं बोलता ती दोन दिवस एका वहीत लिहून काढा. मला वाटलं होतं शे-दोनशे निघतील. निघाली सव्वीस. नाव काय, वय किती, बसा, हात पुढं करा, मूठ घट्ट धरा, घाबरू नका, झालं, संध्याकाळी या. माझी अख्खी नोकरी सव्वीस वाक्यांवर चाललेली होती. सव्वीस वाक्यं कुठल्याही वयात पाठ होतात.

वाक्यं माणसाकडून घ्या, पुस्तकातून नको

हा मुद्दा मी जरा लांबवणार आहे कारण यात माझा पहिला महिना वाया गेला. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून "हेगिद्दीरा" शिकले, कसे आहात. इंडीच्या एका मामांना विचारलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले, त्यांना कळलं पण ते बेंगळुरूचं बोलणं झालं, इकडं आपल्या पट्ट्यात म्हणतात "हेंग अदीरी". तिकडं "मने" म्हणजे घर, इकडं "मनि". तिकडचं "बेड", म्हणजे नको, इकडं "ब्याड". चूक कुठलंच नाही, पण तुमच्या खुर्चीत जो बसतो त्याची बोली शिका.

मी मावशींना धरलं. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कानडीच. रोज काम संपल्यावर चहाबरोबर त्यांच्याकडून तीन वाक्यं घ्यायचे, जास्त नाही, आणि मोबाईलमधे त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे. माझी पहिली वही अशी होती:

हेसरेन्री = नाव काय
कुंड्री = बसा
एनर तिंदीरेन्री = काही खाल्लंय का
कै चाचरी = हात लांब करा
अंजब्याड्री = घाबरू नका
आत्री = झालं
संजिक बर्री = संध्याकाळी या

शेवटी सगळीकडं "री" आहे बघा, ती "री" म्हणजे आपलं अहो-जाहो. वयानं मोठ्या माणसाशी बोलताना ती कधीच गाळू नका. व्याकरण चुकलं तर लोक सांभाळून घेतात, री गाळली तर तोंड बघण्यासारखं होतं.

आणि एक, मावशींना मी शिकवणीचे पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. मग मी त्यांच्या नातवाला शनिवारी इंग्रजी शिकवायला लागले, तसा व्यवहार दोघींना बरा वाटला. शिकवणाऱ्याचा वेळ फुकट धरू नका.

असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला झेपेल

नवीन माणूस हमखास इथं अडकतो. वाक्य तर छान पाठ झालं, विचारलं "काय त्रास होतोय", आणि समोरचा माणूस खूष होऊन दोन मिनिटं न थांबता बोलला, तुम्हाला ओ की ठो कळलं नाही, आणि आत काहीतरी मोडलं. म्हणून सुरुवातीला फक्त हौद-इल्लचे प्रश्न. हौद म्हणजे हो, इल्ल म्हणजे नाही. आजीला मी आता "काय खाल्लं" विचारत नाही, एक एक विचारते, चा कुडदीरेन्री, हाल कुडदीरेन्री, उत्तर हौद नाहीतर इल्ल. चहा प्यालात का, दूध प्यालात का. यात भाषेचा फायदा आहेच, पण खरं तर कामाचाही आहे, मराठी पेशंटला सुद्धा मी आता असंच विचारते.

पुढच्या पायरीला आकडे घ्या, कारण आकडा हे पण ठराविक उत्तर असतं, वय किती, किती वाजता जेवलात. आणि आकड्यांत कानडी आपल्यापेक्षा सरळ आहे. आपण पंचेचाळीस म्हणतो, पाच आधी चाळीस नंतर, आणि प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं. कानडीत नलवत्तु म्हणजे चाळीस, ऐदु म्हणजे पाच, नलवत्तैदु झालं पंचेचाळीस. एक ते एकोणीस आणि वीस-तीस-चाळीस असे नव्वदपर्यंतचे दशक एवढं पाठ केलं की नव्व्याण्णवपर्यंत पोचलात.

मराठी माणसाला अर्धं व्याकरण आधीच येतं

हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपण इंग्रजी शिकताना इतकी मारामारी केलेली असते की वाटतं दुसरी भाषा म्हणजे वाक्य उलटं करायचं. कानडीत काही उलटं करायचं नाही. "मला पाणी पाहिजे" = "ननग नीर बेक", ननग मला, नीर पाणी, बेक पाहिजे, शब्दाखाली शब्द ठेवून वाक्य तयार. "मला पाणी नको" = "ननग नीर ब्याड". आणि आपल्याकडं नको आणि नाही हे जसे दोन वेगळे शब्द आहेत तसे तिकडंही आहेत, ब्याड आणि इल्ल. "मला माहीत नाही" म्हणताना आपण "मी" म्हणत नाही, "मला" म्हणतो, ते पण तसंच, "ननग गोत्तिल्ल".

सोलापूरला, सोलापुरात, सोलापूरहून, हे आपण जसं शेवटी शेपूट लावून करतो तसंच ते सोलापुरक, सोलापुरदाग, सोलापुरदिंद करतात. शेपटं पाठ करायची, बास.

आता एक गंमत जी मला सगळ्यात जास्त आवडते. आपण सोलापुरात म्हणतो "काय करलालास बे", "येलालो थांब". पुण्याची माणसं याला हसतात. हे मूळचं "करू लागलास", "येऊ लागलो". आणि कानडीत चालू असलेलं काम सांगताना म्हणतात "माडाकत्तेनि", म्हणजे करायला लागलोय, अगदी तोच साचा, करणं या शब्दाला लागणं जोडून. तसंच आपण म्हणतो "येतो म्हणून सांगितलाय", कानडीत "बर्तेनि अंत हेळ्यान", तो "अंत" म्हणजे आपला "म्हणून". ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला वाटलं की ही परकी भाषा नाहीच, मी तर अर्ध्या कानडी साच्यात आयुष्यभर मराठी बोलतेय! तुम्ही सोलापूरचे असाल तर ही तुमची कमाई आहे, वापरा.

एक गोष्ट तर आपल्यापेक्षा सोपी आहे. आपल्याकडं खुर्ची ती, टेबल ते, पंखा तो. कानडीत माणसांना तो आणि ती, बाकी वस्तू जनावरं सगळी "ते". बाहेरून आलेल्या माणसाला मराठीतलं तो-ती-ते शिकवून बघा म्हणजे आपण किती सुटलो ते कळेल.

कान कुठं फसतात

दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ए आणि ओ. कानडीत हे दोन्ही ऱ्हस्व पण असतात आणि दीर्घ पण, आणि अर्थ बदलतो, कोडु पटकन म्हटलं तर "दे", को लांबवला तर "शिंग". आपल्या देवनागरीत हा फरक लिहायची सवय नाही, त्यामुळं वहीत लिहिलेलं दोन दिवसांनी वाचलं की चुकतं. मी लांब असेल तिथं अक्षरावर आडवी रेघ मारायला लागले. तुम्ही तुमची काही खूण करा पण करा, आणि रेकॉर्डिंग सोडू नका.

दुसरं ल आणि ळ. इथं आपण नशीबवान आहोत कारण ळ आपल्या तोंडात आहे, हिंदीवाल्यांची इथं फार पंचाईत होते. हल्लि म्हणजे पाल आणि हळ्ळि म्हणजे खेडं. हालु म्हणजे दूध, हाळु म्हणजे वाटोळं.

आणि ओळखीचे वाटणारे शब्द. बरेच खरंच ओळखीचे निघतात, तुप्प म्हणजे तूप, अण्णा अक्का तर आपले घरचेच, शिक्षा आणि कादंबरी यांचे अर्थ पण मराठीसारखेच, हिंदीसारखे नाहीत. पण काही दगा देतात. एक मुलगी दुसरीकडं बोट दाखवून मला म्हणाली "नन्न तंगी", मी पैशाची तंगी समजून बिलात सवलतीचं बोलायला लागले, ती म्हणत होती ही माझी धाकटी बहीण. म्हणून ओळखीचा शब्द आला की थांबायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायचं.

पाठांतर

जर्मनीत एबिंगहाउस म्हणून एक संशोधक होऊन गेला, त्यानं स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं, आणि १८८५ मधे ते छापलं. त्यात दिसलं की पाठ केल्यावर सुरुवातीलाच सगळ्यात जास्त विसरलं जातं, मग वेग कमी होतो, आणि एकदम रट्टा मारण्यापेक्षा दिवस सोडून सोडून उजळणी केली तर जास्त टिकतं. तेव्हा "वयामुळं डोक्यात राहत नाही" म्हणायच्या आधी बघा की तुम्ही दुसऱ्या दिवशी वही उघडली होती का.

मी जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या, पुढं मराठी, मागं कानडी, आणि तीन डबे. आलेली चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलेली परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याला. ही पद्धत लाइटनर नावाच्या जर्मन लेखकानं १९७०च्या दशकात लोकांपर्यंत नेली. रोज पंधरा मिनिटं पुरतात, मी पोळ्या झाल्यावर गॅसजवळ उभी राहूनच करते.

समोरचा मराठीत उत्तर देतो तेव्हा

सोलापुरात शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे. तुम्ही धीर करून म्हणता "कुंड्री", आणि समोरचे अण्णा चांगुलपणानं म्हणतात, मॅडम मराठीत बोला की, मला येतंय. इथं बहुतेकांना दोन-तीन भाषा येतात आणि तुमची अडखळ बघून ते तुम्हाला सोडवायला जातात. त्यात वाईट काही नसतं, पण तुमचं शिकणं तिथंच थांबतं. यासाठी एक वाक्य पहिल्या आठवड्यातच पाठ करून ठेवा: "कन्नडदाग माताड्री, ना कलियाकत्तेनि". कानडीत बोला, मी शिकायला लागलेय. हे म्हटल्यावर आजवर मला कुणी नाही म्हटलं नाही, उलट एका बाईंनी रक्त देऊन झाल्यावर मागं तीन पेशंट ताटकळत असताना मला नात्यांचे शब्द शिकवले.

आणि म्हाताऱ्या माणसांशी जास्त बोला. त्यांना मराठी कमी येते त्यामुळं ती बदलत नाहीत, सावकाश बोलतात, तेच वाक्य चारदा सांगायला कंटाळत नाहीत.

लाजेचं बोलायलाच पाहिजे. मोठ्या माणसाला भाषा न येण्यापेक्षा लहान पोरासारखं बोलावं लागतं याचा त्रास जास्त होतो. मी माझ्या कामात सतरा वर्षं काढलीत, सुई कशी लावायची ते नवीन पोरींना शिकवते, आणि त्याच खुर्चीसमोर मी तीन शब्दांचं वाक्य जुळवत उभी असायचे तेव्हा पोटात गोळा यायचा. यावर माझ्याकडं औषध नाही. एवढंच सांगते की ज्याला सुईची भीती वाटते त्याला "अंजब्याड्री" त्याच्या भाषेत ऐकू आलं की दंडातला ताठरपणा बोटांना कळतो असा कमी होतो, शीर लगेच मिळते. ते एकदा अनुभवलं की लाज मागं पडते.

वयाचं म्हणाल तर, मुलं उच्चारात शेवटी आपल्या पुढं जातात हे खरं आहे, पण सुरुवातीच्या काळात नियम समजून घेऊन वाक्य बनवण्यात मोठी माणसं जास्त वेगानं पुढं सरकतात. आणि आपल्या गावातच उदाहरण आहे. भैया चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघितलं असेल तुम्ही. १९१० चा सोलापूरचा जन्म, १९३८ मधे पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले तेव्हा ऐन तिशीकडं झुकलेले. चिनी तिथं जाऊन शिकले, इतकी की त्याच भाषेत पेशंट बघितले आणि विद्यार्थ्यांना शिकवलं सुद्धा. १९४२ मधे वारले, म्हणजे हे सगळं जेमतेम चार वर्षांत, तेही युद्ध चालू असताना. मी त्या स्मारकावरून रोज जाते. त्यांच्यासमोर पण एक खाट आणि एक जखमी माणूस असणार, तिथूनच सुरुवात झाली असणार असं मला वाटत राहतं.

चौथा महिना

चौथ्या महिन्यात सगळं थांबल्यासारखं वाटेल. खुर्चीची वाक्यं आली, पुढं काही सरकत नाही. तेव्हा खुर्ची बदला, लगेच बाजूची घ्या. मी रक्ताच्या खुर्चीवरून रिपोर्टच्या खिडकीवर गेले, मग भाजीवाल्या अक्कांकडं. प्रत्येक जागेला पंचवीस-तीस वाक्यं नवीन लागतात आणि निम्मी जुनीच चालतात.

लिपी पण याच वेळी घ्या, आधी नको. क ख ग घ चा क्रम आपलाच आहे, फक्त अक्षरांचं वळण गोल. मी एसटी स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्यांवर शिकले, कारण गाव माहीत असतं, अक्षरं जुळवायचीच राहतात. फक्त विजापूर शोधू नका, २०१४ पासून ते विजयपुर आहे आणि गुलबर्गा कलबुर्गी. मला पुढं सिद्धरामेश्वरांची वचनं मुळातून वाचायचीत. ज्यांच्या नावाचं हे गाव मानतो, ज्यांच्या तळ्याकाठी लहानपणापासून फिरतोय, त्यांनी बाराव्या शतकात जे लिहिलं ते कानडीत आहे आणि मला अजून एक ओळ धड लागत नाही. वेळ लागेल, लागू दे.

फोन सगळ्यात शेवटी

समोर चेहरा नसतो, हात नसतात, मागं ट्रॅक्टरचा आवाज, त्यामुळं फोनवरची भाषा सगळ्यात अवघड, तिथं पहिल्या सहा महिन्यांत उतरू नका. उतराल तेव्हा बोलायचं एकच काम ठेवा आणि वाक्य समोर कागदावर लिहून ठेवा. माझा कागद अजून टेलिफोनशेजारी चिकटवलेला आहे, त्यावर लिहिलंय "रिपोर्ट बंदैत्री, संजिक बर्री", म्हणजे रिपोर्ट आलाय, संध्याकाळी या, आणि खाली मावशींनी पेननं जोडलेलं, समोरचा काही वेगळं विचारायला लागला तर म्हणायचं, "सावकाश हेळ्री".